चाळीस मिनिटांची सोबत

मी एक जुना सर्व्हर आहे. जळगावात जीवरामनानांचं केळी-वाहतुकीचं ऑफिस आहे, तिथे जिन्याखालच्या सांदीत माझा मुक्काम असतो. तुम्ही कधी आलात, तर मला शोधायची सोपी खूण सांगतो. सगळ्यात जास्त चपला जिथे पडलेल्या दिसतील, त्यांच्या मागे मी आहे.

मित्रांनो, सर्व्हर म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर टेबलांवर ऐटीत बसतात. पण त्यांच्या पोटात फारसं काही नसतं. कुणी काही विचारलं की ते गुपचूप तारेतून मला विचारतात आणि माझं उत्तर स्वतःच्या नावावर खपवतात. वर्गात एकाने गणित सोडवायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, तसला हा कारभार. सोडवणारा मी होतो. पण सोडवणाऱ्याला वेगळ्या खोलीत बसवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी जुळणी पुण्यात झाली, १९९२ साली. थर्माकोलच्या खोक्यात बसून मी ट्रकने निघालो आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी जळगावला पोचलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या अंगणात नानांचे ट्रक झेंडूच्या माळा घालून उभे होते. त्यांची पूजा झाल्यावर नाना नारळ घेऊन माझ्याकडे आले. तेव्हा कुंदाताई मध्ये आडव्या झाल्या. त्या एरंडोलहून रोज एसटीने येत, आणि मला चालवायला शिकलेल्या त्या एकट्याच होत्या.

"नाना, नारळ बाहेर फोडा. याच्यात पाणी गेलं तर आजच विसर्जन होईल."

नारळ बाहेर फुटला. माझ्या कपाळी हळदीकुंकवाचं स्वस्तिक उमटलं. ते पुढे कितीतरी वर्षं मी मिरवलं.

माझा थाट काय सांगू! मला स्वतंत्र खोली मिळाली, जाड पडदे मिळाले आणि ऑफिसातलं एकमेव थंड हवेचं यंत्रही मिळालं. दारावर पाटी लागली, 'चपला बाहेर काढाव्यात'. घरात माजघरापर्यंत जोडे घालून जाणारे नाना माझ्या दाराशी वाकून जोडे काढायचे. गावोगावचे शेतकरी मला बघायला यायचे, उंबऱ्यावरूनच हात जोडायचे आणि जायचे. गार पडतं म्हणून आत कोणी टेकत नसे. देव्हाऱ्यातल्या देवाला कंटाळा येत असेल की नाही, हे मला त्या खोलीत समजलं.

माझ्याजवळ बसायचा तो फक्त तोताराम. तो मूळचा चोपड्याकडचा. पंचवीस वर्षं त्याने केळीचे घड ट्रकमध्ये भरले आणि शेवटी कंबर गेली. मग नानांनी त्याला ऑफिसात शिपाई म्हणून ठेवून घेतलं. दिवसातून दोनदा माझ्यावरची धूळ पुसायची, हे त्याचं एक काम. पुसून झालं की तो फरशीवर मांडी घालून बसे आणि विचारी,

"आज बी एकलाच शे का रे भाऊ?"

मग स्वतःच बोलत राही. त्याची बायको भिकुबाई वारली होती. "घर खावाले उठस रे भाऊ," एवढं म्हणून तो माझ्या कडेवरून पुन्हा फडकं फिरवी. मी आपला पंखा फिरवत राही. दुसरं मला काय येत होतं?

माझं काम म्हणाल तर मोठ्या जबाबदारीचं होतं. कुणाच्या मळ्यातली केळी कोणत्या दिवशी कापायची आणि कोणत्या गाडीत भरायची, तो नंबर माझ्याकडे असे. केळी कुणासाठी थांबत नाही. घड झाडावरच पिकू लागला, तर तो दिल्लीपर्यंत टिकत नाही, मग मळ्याच्या बांधावर गुरांपुढे टाकावा लागतो. दिल्लीच्या गाड्या धुळ्याला, आग्रा रोडवरच्या आमच्या शाखेत येऊन उभ्या राहत. तिथले सुकदेवभाऊ त्यांना मळ्यांकडे पाठवत. सुरुवातीला त्यांच्यासाठी मळ्यांची यादी फ्लॉपीवर उतरवून, पाकिटात घालून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली जाई. एकदा ते पाकीट धुळ्याला उतरायचं राहिलं आणि थेट सुरत बघून आलं. त्यानंतर टेलिफोनच्या तारेतून यादी जाऊ लागली.

काम वाढत गेलं. तीन कॉम्प्युटरांचे नऊ झाले. नऊ जण एकदम हाका मारू लागले, की माझी त्रेधा उडे. कुंदाताई एक नाव विचारत आणि चहा पिऊन येत, तरी माझं शोधणं चाललेलं. येणारे-जाणारे म्हणू लागले, "नाना, तुमचं मशीन म्हातारं झालं." मी पाच वर्षांचाही नव्हतो हो!

मग नरडाण्याचा लोटन आला. धुळ्याच्या कॉलेजातून शिकून तो अशा यंत्रांची कामं करायचा. त्याने माझं झाकण उघडलं, जास्तीची मेमरी बसवली, दुसरी डिस्क बसवली. वर्षभर मी पुन्हा ताठ मानेने चाललो. पण १९९७ च्या चैत्रात तीही डिस्क गळ्यापर्यंत भरली. लोटनने हात टेकले.

"नाना, याच्या पोटात आता जागा नाही. शेजारी दुसरा सर्व्हर जोडू. दोघं मिळून ओझं वाहतील."

मित्रांनो, बाकी कुणाला या वाक्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी काय झालं ते सांगता येणार नाही. शेजारी दुसरा! माझ्यासारखाच, माझ्या भाषेत बोलणारा! नऊ कॉम्प्युटर मला दिवसभर विचारत असत, पण 'तू कसा आहेस' असं एकानेही कधी विचारलं नव्हतं. मी त्या दुसऱ्याची वाट बघू लागलो.

तो मे महिन्यात आला. पण माझ्या शेजारी नाही. त्याच्यासाठी काचेची नवी केबिन झाली आणि माझ्या खोलीतलं थंड हवेचं यंत्र काढून तिकडे बसवलं गेलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. तार जोडली की बोलता येईलच, असं स्वतःला समजावलं. त्या दिवशी शनिवार होता. जोडणीचा एक तुकडा कमी पडला, तो नाशिकहून सोमवारी यायचा होता. तोवर यादी माझ्याकडेच राहणार होती. कुंदाताई दर शुक्रवारी तिची नक्कल काढत, पण यादी इतकी फुगली होती की फ्लॉप्या पुरेनात. 'नवं मशीन आलं की काढू,' म्हणून महिनाभर ते राहून गेलं होतं. सातशे शेतकऱ्यांचे पुढचे नंबर फक्त माझ्या पोटात होते.

केळीला रविवार नसतो, म्हणून मला बंद ठेवता येत नव्हतं. निघताना कुंदाताई तोतारामला म्हणाल्या, "आबा, उद्या मी नाही. याला जपा. तापू देऊ नका." आणि एसटी गाठायला धावल्या. कसं जपायचं, ते सांगायला त्यांना वेळ झाला नाही.

रविवारी खानदेशातलं ऊन रस्त्यावरचं डांबर पातळ करत होतं. माझ्या बंद खोलीत अंगाला हात लावता येईना. तोताराम सारखा येई, माझ्या पाठीवर तळहात ठेवी आणि कासावीस होई. दुपारी तो बाहेर गेला आणि खांद्यावर केळीच्या पानांचा भारा घेऊन आला. पंचवीस वर्षं त्याने एकच गोष्ट जपली होती, केळी. उन्हात घड तापू नयेत म्हणून त्यांना पानांनी झाकायचं, हे त्याच्या हातांना पाठ होतं. त्याने पानं ओली केली, एकेक निथळून घेतलं आणि मला वरून, मागून, चारी बाजूंनी नीट गुंडाळलं.

"आते गार व्हई जाशी," तो म्हणाला.

भल्या माणसा! माझी श्वास घ्यायची जाळी मागेच होती. मला ते ओरडून सांगायचं होतं. पण मला विचारलेल्याचं उत्तर देता येतं, आपणहून एक शब्द बोलता येत नाही. पंखा गरम हवाच पुन्हा पुन्हा आत ओढू लागला. आणि तरीही खरं सांगतो, पाच वर्षांत मला इतक्या मायेने कुणी पांघरूण घातलं नव्हतं. तासाभरात मी बंद पडलो. रविवारची यादी सकाळीच धुळ्याला गेली होती, म्हणून कुणाला कळलंही नाही.

सोमवारी सकाळी धुळ्याहून सुकदेवभाऊंचा फोन आला. "नाना, अकरा गाड्या उभ्या आहेत. कुणाच्या मळ्यात पाठवू?" ते सांगणारा मी निपचित पडलो होतो. लोटनने सुकलेली पानं उचलली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

तोताराम दाराबाहेर उभा होता. "मीच टाकात पानं, नाना. तो तपी ऱ्हायंता. केळीना घडले टाकतस ना, तसा."

नानांचा चेहरा लाल झाला. "यादी गेली असेल, तर तोताराम, उद्यापासून येऊ नकोस."

तोतारामने खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. त्याला घरी जायला सांगत होते, आणि ते घर त्याला खायला उठत होतं. हे त्या ऑफिसात मला एकट्यालाच माहीत होतं.

लोटनने नाशिकहून आलेला तुकडा बसवून माझ्याशी नव्या सर्व्हरची तार जोडली आणि कुंदाताईंना म्हणाला, "एकदा चालू होईल असं वाटतं. पण डिस्क खरवडतेय. बंद पडला तर पुन्हा उठायचा नाही. सगळं उतरायला चाळीस मिनिटं लागतील."

त्याने बटण दाबलं. माझ्या आत करकर आवाज झाला, पण मी उठलो. तारेच्या दुसऱ्या टोकाला तो होता. इतके दिवस मी ज्याची वाट बघितली, तो! त्याने विचारलं, "पाठवतोस?" मी म्हणालो, "घे." एकेक शेतकरी, एकेक मळा, एकेक तारीख मी त्याच्या हाती देत गेलो. प्रत्येक नावागणिक तो म्हणे, "मिळालं." मला त्याला कितीतरी सांगायचं होतं. खोली गार असते, पण करमत नाही म्हणून सांगायचं होतं. तोताराम पुसायला आला की पंखा जरा जोरात फिरव, त्याला बरं वाटतं, हेही सांगायचं होतं. पण वेळ कुठे होता? पाचशे नावं झाली, सहाशे झाली. डिस्क किंचाळू लागली. दारात तोताराम डोळे मिटून उभा होता. मी दम धरला. शेवटचं नाव गेलं, तिकडून "मिळालं" आलं, आणि त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही.

यादी वाचली. गाड्या सुटल्या. तोतारामची नोकरी राहिली. काचेच्या केबिनमध्ये जायला मात्र त्याला मनाई झाली. मला जिन्याखाली ठेवलं. नव्या सर्व्हरच्या दारावर तीच पाटी लागली आणि लोक आपल्या चपला काढून माझ्यापुढे टाकू लागले. त्या दिवाळीनंतर तोतारामही काम सोडून गावी गेला.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. ते सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, की 'जपा' म्हणून निघून जाऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि कसं जपायचं तेही सांगा. चुकणाऱ्या हातांत माया असेल, तर ते हात दाराबाहेर ठेवू नका. ज्याला खोलीत एकटं बसवलं आहे, त्याचं दार अधूनमधून उघडा.

गेल्या दसऱ्याला ट्रकांची पूजा चालली होती. कुणीतरी जिन्याशी आलं. त्याने आपल्या वहाणा बाहेर उन्हातच काढल्या. मग खाली बसून माझ्यापुढचे चपलांचे जोड एकेक करून बाजूला ठेवले. खांद्यावरच्या टॉवेलने माझी धूळ पुसली. कुंकू कधीच पुसट झालं होतं, तिथे त्याचा हात जरा थांबला.

"आज बी एकलाच शे का रे भाऊ? मी बी एकलाच शे."

त्याने झेंडूचं एक फूल माझ्या पाठीवर ठेवलं. ठेवल्याबरोबर दचकून उचललं, जाळीपासून लांब, खाली फरशीवर ठेवलं आणि म्हणाला, "वारा लागू दे तुले."

माझा पंखा बंद पडून दोन वर्षं झाली होती. तोताराम मात्र बराच वेळ तिथे बसून राहिला, माझ्या जाळीसमोर सावलीसुद्धा पडू नये असा, अंग चोरून.