तळव्यावरची राख

पटवाऱ्याच्या कागदावर एखादं रान एकदा 'बरड' म्हणून चढलं की पुढे त्यात पुरुषभर ज्वारी उभी राहिली तरी ते बरडच. खोडायचं तर तहसिलीचा हुकूम लागतो, आणि हुकूम यायला दोन पावसाळे जातात. गावानं माणसांच्याही अशाच नोंदी करून ठेवलेल्या असतात. तिथे तर हुकमाचीही सोय नाही. वीस वर्षं पटवारकी केली, त्यामुळे मला ही खोड लागली आहे. माणूस समोर आला की आधी त्याची नोंद आठवते, मग त्याचं तोंड दिसतं.

तात्याबा मेंढकराची नोंद होती 'मेहनती'. बंकटची होती 'देवानं पाय दिलेत'.

दोघंही मेंढरं-शेळ्या राखणारे, वडवणीपासून दोन कोसांवरच्या आमच्याच गावचे. तात्याबा चाळिशीचा, बुटका, जाड मानेचा, चालताना पायाखाली मुंगीही मरणार नाही असा संथ. बंकट बावीस-तेवीसचा. त्याच्या गुडघ्यापासून खालचा भाग जरा जास्तच लांब होता. उभा राहिला की सारस उभा राहिल्यासारखा दिसायचा. मायनं पोटात असताना हरणाचं मांस खाल्लं म्हणून असे पाय झाले, असं बाया सांगत. त्याची माय कडूबाई म्हणायची, "हरीण कुठलं, तवा घरात भाकर न्हवती."

आता खेळाचं सांगतो. आमच्या भागात धुळवडीला आट्यापाट्या होतात. होळीची राख चाळून काळ्या रानात तिच्या नऊ आडव्या रेघा मारायच्या आणि मधून एक लांब उभी रेघ. या रेघा म्हणजे पाट्या. रेघ तीन बोटं रुंद, जास्त नाही. एका गावचे गडी पाट्या धरून उभे राहतात, दुसऱ्या गावचे त्यांना हुलकावण्या देत पलीकडे जातात आणि परत येतात. धडपणे जाऊन परत आला की लोण झालं. वाटेत कुणी हात लावला की बाद. पण हात लावणाऱ्याचे दोन्ही पाय राखेवर हवेत. मातीत पाय असेल तर तो हात फुकट. आडव्या पाटीवरचा गडी आपली पाटी सोडत नाही. उभ्या रेघेवर मात्र एकच माणूस, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा. त्याला सूर म्हणतात. सूर चांगला तर गाव चांगलं.

आणि आमच्या गावात सुराला मान नुसत्या फेट्याचा नव्हता. सुंदरराव देशमुखांचं ओढ्याकाठी मोठं कुरण होतं. देशमुखांच्या आजोबांपासूनची चाल अशी की जो गावचा सूर, त्यानं या होळीपासून पुढच्या होळीपर्यंत त्या कुरणात आपली जनावरं चारावीत. बारा वर्षं ते कुरण तात्याबाकडे होतं. साठ मेंढरं होती त्याची. कुरण गेलं तर उन्हाळाभर त्याला ती हाकत गंगथडीला, गोदावरीकाठी, न्यावी लागणार, आणि त्या वर्षी फाल्गुनातच सतरा कोकरं झालेली. पंधरवड्याचं कोकरू चैत्रातल्या उन्हात सहा मुक्काम चालत नाही. हे तात्याबाला ठाऊक होतं, त्याच्या साखराबाईला ठाऊक होतं, आणि देशमुखांनाही ठाऊक होतं.

तरी देशमुखांनी होळीच्या आदल्या दिवशी पारावर विषय काढला. वर्ष फसली तेराशे चोवीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंधरा.

"वस्ताद," ते त्रिंबकला म्हणाले, "यंदा सूर बंकटला करावा म्हणतो."

त्रिंबक म्हणजे आमचा खेळाचा वस्ताद. गुडघे गेलेले, पण तोंड शाबूत. तात्याबा त्याचा चेला. निदान त्रिंबक तसं सांगायचा. "मालक, पाय लांब असल्यानं सूर होत असता तर बगळ्याला केला असता. सूर घडवावा लागतोय. नजर कमरेवर, पाय राखेवर. ह्या तात्याबाला मी दोन वरसं नुसतं उभं राहाय शिकवलं."

"उभं राहाय तर माझा बैलबी शिकलाय," देशमुख म्हणाले. "देवानं जे दिलंय ते मेहनतीनं येत न्हाई. त्या पोराची उडी बघितली का तुमी? एक पाटी सोडून पलीकडं पडतोय."

"तुमी बंकटला शिकवलं न्हाई का कधी?" मी मधेच त्रिंबकला विचारलं.

"आलता तीन वरसांमागं. म्हणलं, बाबा, तुला पाय हायत, तुला काय शिकवू? शिकवायचं त्याला, ज्याला काही नसतंय."

तात्याबा शेजारीच बसला होता. हे बोलणं त्याला स्तुती वाटली असावी, कारण त्यानं मान हलवली.

शेवटी असं ठरलं की धुळवडीला चकलांब्याचे गडी येणार आहेत. आपण दोनदा पाट्या धरू. पहिल्या वेळी बंकट सूर, दुसऱ्या वेळी तात्याबा. ज्याच्यावर कमी लोण होतील, कुरण त्याचं. जो सूर नसेल त्यानं तो डाव बाहेर बसायचं. देशमुखांना न्यायी दिसायला फार आवडत असे.

धुळवडीला दुपार कलल्यावर खेळ सुरू झाला. पंच म्हणून मी, त्रिंबक आणि चकलांब्याचे विठ्ठलराव. विठ्ठलराव उंच, पांढऱ्या मिशांचे, हरले तरी हसणारे. अशा माणसाला आमच्याकडे लबाड समजतात.

बंकट उभ्या रेघेवर आला तेव्हा लोक उभे राहिले. खरं सांगायचं तर मीही उठलो. तो धावत नव्हता, सुटत होता. चकलांब्याचा गडी तिसऱ्या पाटीवर घुसला की हा सहावीवरून दोन ढांगांत तिथे, हवेतच वळायचा, रेघेवर उतरायचा आणि हात मारायचा. आठ गडी असे गेले. नववा सटवा नावाचा, आखूड, म्हाताऱ्यासारखा चालणारा. तो बंकटसमोर उभा राहिला, डावा खांदा दोनदा पाडला, आणि बंकट दोन्ही वेळा डावीकडे गेला. तिसऱ्यांदा सटवा उजवीकडून निघाला, जाऊन आला, आणि कंटाळल्यासारखा "लोण" म्हणाला.

एक लोण झालं. तरी लोक बंकटच्याच नावानं ओरडत होते.

विठ्ठलराव मात्र उठले. "आमचं एक म्हणणं हाय. येवढ्या उंचावरून पडणारा माणूस तीन बोटांच्या राखेवर पडत न्हाई. कुठं तरी मातीत पडला असणार, आन् हात फुकट गेले असणार. पोराचे तळवे बघा."

तळवे बघणं आमच्याकडे जुनं आहे, पण बघतात ते धावणाऱ्याचे, त्यानं राख तुडवली का म्हणून. सुराचे तळवे कुणी कधी बघितले नव्हते. बंकट खाली बसला आणि त्यानं दोन्ही पाय माझ्यापुढे केले.

मी वाकलो. काळ्या मातीनं माखलेल्या तळव्यावर टाचेपासून अंगठ्यापर्यंत राखेचा एकच सरळ पट्टा होता, तीन बोटांचा, सुतार दोरी मारतो तसा. डाव्याला तसाच, उजव्याला तसाच. आणि पट्ट्याखाली, बरोबर तळव्याच्या मधोमध, घट्टे. वाटेनं चालून येतात ते घट्टे टाचेला आणि चवड्याला असतात. हे खोबणीत पडलेले होते, जिथे माणसाची कातडी मऊ असते.

"हे कशानं झालं बे?" मी विचारलं.

बंकट बोलायच्या आत मागून कडूबाई बोलली. "कशानं काय पटवारी? शेळ्यांच्या वाड्याचा गडगा हाय ना दगडाचा, त्याच्यावर नाचतंय तीन वरसं झाली. तांबडं फुटायच्या आधी उठायचं आन् दगडाच्या धारेवर उड्या मारायच्या. रोज गडगा पाडतंय, आन् सांजच्याला मी रचते. माझी कंबर गेली. शेळ्याबी कटाळल्या."

लोक हसले. मी हसलो नाही, कारण त्रिंबकनं तीन वर्षांपूर्वी त्याला म्हटलेलं 'तुला काय शिकवू?' मला आठवत होतं. त्रिंबकलाही आठवलं असावं. तो आपला गुडघा तेल लावल्यासारखा चोळत बसला.

विठ्ठलरावांनी मान्य केलं. "पोरगं साफ हाय. आमचं म्हणणं मागं."

मग आमचे गडी धावले, त्यांनी धरलं, आणि दिवस मावळतीला असताना राखेच्या रेघा नव्यानं मारल्या. तात्याबा धोतराच्या सोग्यानं तळवे पुसून उभ्या रेघेवर आला. लोक खाली बसले. कुणी शेंगा सोलायला घेतल्या.

तात्याबाचा खेळ बघण्यासारखा नव्हताच. तो धावत नसे. तो फक्त तिथे असे. गडी जिकडून जायचा तिथे तात्याबा आधीच, जसा काही तिथे बसायलाच आलेला. सटवानं डावा खांदा पाडला, उजवा पाडला, कंबर मुरडली. तात्याबानं जांभई द्यावी तसा हात पुढे केला आणि सटवा त्या हातावरच आला. नऊच्या नऊ बाद. लोण एकही नाही.

साखराबाई बायांच्या घोळक्यात उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. सतरा कोकरं वाचली होती.

देशमुखांच्या तोंडावर नाराजी होती, पण शब्द शब्द असतो. ते फेटा हातात घेऊन उठले. तिथेच मिटलं असतं.

"जरा थांबा मालक," तात्याबा म्हणाला. "पोराचे तळवे बघितले तसे माझेबी बघा. उद्या कुणी म्हणाय नको, थोरल्याला सोडलं."

कुणीही मागितलं नव्हतं. विठ्ठलराव तर पागोटं घालून निघायच्या तयारीत होते. बारा वर्षांत तात्याबावर कुणाला कधी संशय आला नव्हता. मेहनती माणसाचे पाय कोण तपासतो? पण पोराची एवढी तारीफ झाली, त्यातली थोडी आपल्यालाही मिळावी, एवढंच त्याच्या मनात असावं. तो ऐटीत बसला आणि पाय पुढे केले.

उजव्या टाचेला राख होती, चवडा कोरा. डाव्या तळव्यावर करंगळीच्या कडेला एक ठिपका, बाकी सगळी काळी माती. राख औषधालाही नाही.

विठ्ठलराव वाकले, मग त्रिंबक वाकला. त्रिंबक बराच वेळ वाकलेला राहिला.

"म्हंजे," विठ्ठलराव सावकाश म्हणाले, "बारा वरसं आमी एका पायावर हरलो."

तात्याबानं स्वतःचा पाय दोन्ही हातांनी उचलून तोंडापुढे धरला आणि लहान मूल बघतं तसा बघितला. "मला ठाव न्हवतं," तो म्हणाला. "आईच्यान मला ठाव न्हवतं. मी खाली बघतच न्हाई."

"मग बघतो काय?" त्रिंबकनं विचारलं. आवाजात राग नव्हता, पण दोन वर्षं शिकवलेल्या उभं राहण्याचं काय झालं हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

"माणूस बघतो. तो कुठं वळणार ते दिसतंय. मेंढरू वळायच्या आधी दिसतंय ना, तसं. लहानपणापास्नं दिसतंय. त्यात काय शिकायचं?"

मला माझे कागद आठवले. दोन नोंदी, दोन्ही माझ्यासमोर तळवे वर करून बसल्या होत्या, आणि दोन्ही चुकीच्या रकान्यात. ज्याला आम्ही देवाचं देणं म्हणत होतो तो पोरगा तीन वर्षं दगडाच्या धारेवर पाय सोलत होता. ज्याला आम्ही मेहनती म्हणत होतो त्याला जन्मतःच मिळालं होतं, आणि त्यानं पायाखाली बघायचेही कष्ट घेतले नव्हते. पाय लांब असले की दिसतात. नजर कुणाला दिसते?

कायद्यानं तात्याबाचे सगळे हात फुकट ठरले, नऊच्या नऊ. देशमुखांनी फेटा बंकटला बांधला. बांधताना म्हणाले, "म्हणलं न्हवतं? पाय देवाचेच लागतात." घट्टे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. पाडव्यापर्यंत त्रिंबकही सांगू लागला की बंकटनं त्याचंच शिकवणं लांबून बघून उचललं. ते अगदीच खोटं नसावं; लांबून बघणं बंकटला भरपूर जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्याकडे गेलो. तात्याबानं मेंढरं बाहेर काढली होती. साखराबाईनं दोन कोकरं झोळीत घेतली होती, उरलेली पंधरा पायात घोटाळत होती. ती नवऱ्याशी बोलत नव्हती. गंगथडीची वाट कुरणाच्या तोंडावरूनच जाते. तिथे बंकट काट्याचं झाप बाजूला सारून उभा होता, मागे त्याच्या अकरा शेळ्या.

"मामा, मेंढरं आत घाला."

"कावून?" तात्याबा थांबला नाही. "कुरण तुझं हाय. मी फुकटचं खात न्हाई."

"फुकट कोण म्हणतंय? सटवा उजवीकडं जाणार हे मला कावून दिसलं न्हाई, ते सांगा. तेवढं सांगा, आन् मेंढरं घाला."

तात्याबा थांबला. पुढच्या एका मेंढीकडे त्यानं बोट केलं. "ती बघ. आता डावीकडं वळती."

मेंढी डावीकडे वळली.

"कसं कळलं?"

"दिसतंय की."

"मला न्हाई दिसलं."

"आता ती काळी. बसती बघ."

काळी मेंढी बसली. बंकट तिच्याकडे टक लावून बघत राहिला, मग तात्याबाकडे. तात्याबाच्या कपाळावर घाम आला होता. आपल्याला जे येतं ते कुठून येतं हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि त्याला सापडत नव्हतं. साखराबाई तेवढ्यात काही न विचारता मेंढरं आत हाकायला लागली होती.

चैत्रभर ते दोघं कुरणात असेच बसलेले दिसायचे. तात्याबा मेंढरं दाखवायचा, बंकट चुकायचा. दहातली दोन बरोबर यायला लागली, असं बंकट म्हणाला. मी विचारलं, नशिबानं की शिकून? तो म्हणाला, "ते कसं कळणार पटवारी?"

वैशाखात एका सकाळी मी कडूबाईच्या शेळवाड्यावरून चाललो होतो. गडग्यावर तात्याबा होता. हात पसरलेले, जीभ दातांत धरलेली, मान खाली. खाली बंकट उभा, "पायाकडं बघा मामा, पायाकडं," म्हणत होता. तात्याबानं चौथं पाऊल टाकलं आणि निम्मा गडगा घेऊन खाली आला.

कडूबाई भाकरी टाकून बाहेर आली. "एक येडं होतं ते पुरत न्हवतं? आता दोन झाली. दगड कोण रचणार?"

तात्याबा उठला. धोतर झटकलं. मग वाकला, एक दगड उचलला, त्याची सपाट बाजू शोधली, आणि तो जिथला होता तिथे नीट बसवला.