मालकीण स्वतः राहणार

मालसुनने नाशपातीची पेटी जिन्यातच टेकवली, दम खाल्ला आणि पाठ केलेलं वाक्य पुन्हा पुटपुटून पाहिलं. ‘आता मीच इथे राहायला येणार आहे.’ एवढं म्हणायचं, मुलाने लिहिलेलं पत्र हातात ठेवायचं आणि खाली उतरायचं. एजंट मिनबाईंनी बजावलं होतं, भाडेकरूच्या घरी बसायचं नाही, चहा तर घ्यायचाच नाही. एकदा चहा घेतला की भाडं वाढवायला जीभ रेटत नाही म्हणे.

तिसऱ्या मजल्यावर ह्येरानने दार उघडलं. मालसुन बसली आणि भाजलेल्या जवाचा चहाही घेतला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढल्यावर नियम पाळायला बळ आणायचं कुठून?

ह्येरान इथली भाडेकरू. दोन गल्ल्या पलीकडच्या बाजारात तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून तिला हे घर सोडायचं नव्हतं. करार संपत आला होता आणि आणखी दोन वर्षं मागायचा तिला कायद्याने हक्क होता. मालक स्वतः किंवा त्याचं कुणी जवळचं राहायला येत असेल, तर मात्र तो नाही म्हणू शकतो. मिनबाईंनी हीच फट शोधली होती. बाई बाहेर पडली की नवा भाडेकरू आणायचा, तिप्पट अनामत घ्यायची आणि त्या पैशांत गीह्योकने, म्हणजे मालसुनच्या मुलाने, मोठ्या फ्लॅटचं बघायचं. नंतर तपासायला कोण येतंय?

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ, असं म्हणत मालसुनने पत्र पुढे केलं आणि वाक्य बोलून टाकलं.

ह्येरानने पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून ते शिवणयंत्राच्या खणात ठेवलं.

“बरं झालं मावशी,” ती म्हणाली. “या, घर दाखवते.”

आता घराच्या मालकिणीला घर काय दाखवायचं? पण खरं सांगायचं तर मालसुनने या घरात एक रात्रही काढली नव्हती. बंदरावर सव्वीस वर्षं सुकी मासळी विकून तिने आणि नवऱ्याने ते घेतलं आणि घेतल्या दिवसापासून भाड्याने दिलं. नवरा गेला, ती मुलाकडे राहायला गेली, आणि भाडं गीह्योकच्या खात्यात जाऊ लागलं. घर म्हणजे दुभती गाय, असं मिनबाई म्हणायच्या. दूध काढायचं, लळा लावायचा नाही.

ह्येरानने तिला गरम पाण्याचा नळ कुठपर्यंत फिरवायचा ते दाखवलं. थंडीत स्वयंपाकघराच्या खिडकीला खालून फडकं लावावं लागतं. मागच्या खोलीत दहापासून जमिनीवर ऊन येतं, तिथे बसून पाय शेकायचे. खालची बाई गच्चीवर मिरच्या वाळत घालते, पण सांगितलं तर एक कोपरा सोडते. मालसुन मान डोलवत राहिली. मागच्या खोलीत ती उन्हात उभी राहिली, मोज्यांतून पायांना ऊब लागली, आणि तिला एकदम रडू आलं. नाकात धूळ गेली म्हणाली.

मुलाच्या घरी तिला काही कमी नव्हतं. सून युनमी वाईट मुळीच नव्हती. फक्त सुक्या मासळीच्या रश्श्याचा वास चौदाव्या मजल्यावरच्या पडद्यांना बसतो, म्हणून स्वयंपाक सूनच करायची. मालसुनचा भाताचा कुकर तीन वर्षं खोक्यात बांधून बाल्कनीत पडला होता. युनमीने एकदा विचारलं होतं, टाकून द्यायचा का? तेव्हा मालसुनने जेवण सोडलं होतं. कुकरसाठी उपास धरला म्हणून सगळे हसले, नातूसुद्धा.

आठ दिवस तिने कसेबसे काढले. मग मिनबाईंच्या कचेरीत जाऊन म्हणाली, राहू दे तिला, वाढवून द्या करार. मिनबाई हसल्या. आजी, उशीर झाला, त्या बाईने डोंगरापलीकडे खोली ठरवली, आगाऊ रक्कमही भरली. आता तिला थांब म्हटलं तर तिचेच पैसे बुडतील.

मालसुन तडक बाजारात गेली. ह्येरान कुणाच्या तरी पँटला टीप घालत होती. नव्या खोलीपासून दुकानापर्यंत बसने तास लागतो, एवढं मालसुनने विचारून घेतलं. पुढचं बोलायला तोंड उघडेना. माशाचा भाव सांगताना जिची जीभ कधी अडखळली नाही, तिच्या तोंडातून दोन खरे शब्द निघेनात. लाज वाटली तिला स्वतःची, अगदी खूप.

ह्येरानने फळीवरून एक पुडकं काढून दिलं.

“मागच्या खोलीचा पडदा आहे,” ती म्हणाली. “दुपारी तिकडून ऊन डोळ्यांवर येतं. तुम्ही झोपाल ना दुपारच्या?”

मालसुन पुडकं पोटाशी धरून घरी आली. रात्री गीह्योकला एवढंच विचारलं, ते पत्र तूच लिहिलंस ना? तो म्हणाला, हो, का? सहज, म्हणाली.

ह्येरानने घर सोडलं तो दिवस पंचांग पाहून निवडलेला होता, भुतंखेतं वाटेत आडवी येत नाहीत असा. सकाळी तिचं सामान गेलं. दुपारी तीनला मिनबाई एका तरुण जोडप्याला घेऊन आल्या, चढता चढता उन्हाचं, बाजाराचं, शेजाराचं कौतुक करत. दाराच्या कुलुपावर त्यांनी आकडे दाबले. कुलूप बोंबललं. पुन्हा दाबले, पुन्हा बोंबललं.

दार आतून उघडलं. मालसुन मोज्यांवर उभी होती, कमरेला फडकं बांधून. आतून मासळीच्या रश्श्याचा सणसणीत वास आला आणि त्यामागे कुकरची शिट्टी. नव्या घरात आधी भाताचा कुकर न्यायचा असतो. तिने टॅक्सीत तो मांडीवर घेऊन आणला होता.

“कोण पाहिजे?” तिने विचारलं.

मिनबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. मिनबाईंनी तिथल्या तिथे गीह्योकला फोन लावला आणि मालसुनच्या कानाला धरला.

“आई, थट्टा पुरे. हा व्यवहार आहे.”

“व्यवहारच करतेय. मालकीण स्वतः राहणार असं लेखी दिलंय आपण. तुझंच अक्षर आहे.”

“या वयात तीन मजले चढणार तू? आणि लोक काय म्हणतील, मुलाने आईला बाहेर काढलं?”

“सांग, आईच निघून गेली. खरं तेच सांग, तेवढं सोपं जातं,” ती म्हणाली. “आणि भाडं आता येणार नाही हां. घरात मालकीण राहते.”

फोन परत देऊन तिने त्या जोडप्याला नाशपाती खाणार का विचारलं. ती पोरं लाजून खाली उतरली. मिनबाई जिन्यातून काहीतरी बडबडत होत्या, वय झालं की माणूस ऐकत नाही वगैरे. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, हे मालसुनच्या नवऱ्याला आयुष्यभर पटलं होतं, मिनबाईंना कुठून पटणार?

रविवारी दुपारी घंटा वाजली. मालसुन मागच्या खोलीत पाय शेकत बसली होती. गुडघे धरत उठली. दारात ह्येरान होती. एका हातात, कुणाच्या नव्या घरी जाताना भेट म्हणून नेतात तसा, टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्यांचा भारा. दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत काही कागद.

ती लगेच आत आली नाही. उंबऱ्याशी वाकून तिने चपलांचा कप्पा पाहिला. त्यात एकच जोड होता, म्हातारीचा, टाचेला झिजलेला. मग तिने भारा मालसुनच्या हातात दिला आणि कागद खांद्यावरच्या पिशवीत सारू लागली.

मालसुनने हात पुढे करून वरचा कागद पाहिला. गीह्योकच्या पत्राची प्रत होती. तिच्याखाली, मालकाने फसवून घर रिकामं करवलं अशा तक्रारीचा अर्ज होता. सही करून तयार.

“भेट आणि तक्रार, दोन्ही आणलं होतं,” ह्येरान शांतपणे म्हणाली. “दार कोण उघडतं त्यावर ठरणार होतं.”

“तेव्हा मी खोटंच बोलले होते तुझ्याशी.”

“माहीत होतं मला.”

“मग तो पडदा कशाला शिवलास?”

ह्येरानने चपला काढल्या, त्या म्हातारीच्या जोडाशेजारी ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं.

“लाज वाटावी म्हणून.”

“वाटली,” मालसुन म्हणाली आणि भात वाढायला स्वयंपाकघरात गेली.