चार ते सहाचा पहारा

वीणा एकदा गळ्यात घेतली की पुढचा माणूस येईपर्यंत ती खाली टेकवायची नाही. सात दिवस नाम तुटू द्यायचं नाही, म्हणून सप्ताहात दोन-दोन तासांचे पहारे लावतात. जऊळक्याच्या आमच्या सप्ताहात पहाऱ्यांची यादी लिहायची सेवा माझी. अक्षर बरं, आणि गावात रिकामाही मीच.

रिकामा म्हणजे तसा नाही. मी लेख लिहितो. नोकरी कुठल्या पेपरात नाही, ज्याला हवा त्याला देतो. जुनी कुलपं, नाणी, सुगरणीची घरटी, बंद पडलेली वाचनालयं. ज्यात शिरलो त्यात महिनाभर हरवतो. मग लेख छापून येतो, आणि घरात त्याबद्दल बोलायला कोणी नसतं. तेवढ्यासाठी मी कीर्तनाला जाऊन बसतो. तिथे निदान बुवा माझ्याकडे बघून बोलतात.

एक लखीराम होता. भाजीवाला. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या रद्दी पेपरात बांधायचा, पण माझ्या लेखाचं पान वेगळं काढायचा. "तुमच्या लेखात सांबार नाही बांधला बरं, नथ्थूभाऊ," म्हणायचा, "वांगे बांधले!" मी तोंड पाडलं की खिशातून घडी केलेलं पान काढून हसायचा.

दरवर्षी दुपारी दोन ते चार माझा पहारा, चार ते सहा त्याचा. वीणा देताना दोघं एकमेकांच्या पाया पडायचो, उराउरी भेटायचो. खरं सांगतो देवा, मला त्या भेटीची ओढ असायची. वर्षभरात मला कोणी जवळ घेतलं, तर ते तेवढंच.

आज सप्ताहाचा पहिला दिवस. चार वाजले, साडेचार झाले. खांदा भरून आला. टाळकरी खांबाला टेकून पेंगत होता. मंडपाचे पडदे बांधणारा मोहनसिंग जवळ आला.

"काका, आता कोन हाये पहाऱ्याले?"

नाम न थांबवता मी मानेनं फळ्यावरची यादी दाखवली. त्यानं बोट फिरवत वाचली आणि बोट एका जागी थांबलं.

"तुमचंच अक्षर हाये ना हे?" मग त्यानं बोट काढून घेतलं. "माही आंघोळ नाही झाली, नाही त म्याच घेतली असती. पाहतो कोनाले," म्हणत बाहेर गेला.

मी तिरका होऊन वाचलं. चार ते सहा, लखीराम.

लखीराम दिवाळीनंतर गेला. मी त्याला खांदा दिला होता. आणि काल संध्याकाळी गेल्या वर्षीच्या वहीतून यादी उतरवताना त्याचं नाव सुबक अक्षरात लिहून मोकळा झालो. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुलपाला किती चाव्या लागायच्या ते सांगणारा मी! आता कोण येणार होतं? आणि नाम सोडता येईना.

पाच वाजता हिरीबाई आली, लखीरामची बायको. ओले केस, धुतलेलं लुगडं. टाळकरी खडबडून जागा झाला आणि त्यानं नाम उचललं.

"मेथी बांधता बांधता उशीर झाला, भाऊ. द्या वीणा."

"वहिनी, ते नाव..."

"पाह्यलं म्या सकाळीच. पोट्टे म्हणे खोडून टाका. म्या म्हटलं, खोडू नोका. नथ्थूभाऊनं लिवलं त समजून लिवलं असन."

खोटं बोलायची सोय होती. पण गळ्यात वीणा होती.

"समजून नाही, वहिनी. विसरून."

तिनं मग पदरानं तोंड पुसलं.

"माह्या हातूनबी दोन मानसाच्याच भाकरी होते अजून. एक गायीले घालतो. द्या."

आमच्या सप्ताहात बाईनं वीणा घेतल्याची नोंद माझ्या एकाही वहीत नाही. मी वीणा तिच्या गळ्यात घातली. ती वाकली, मीही वाकलो. गळाभेट अर्थातच नाही.

तिला तार छेडायची सवय नव्हती. बोट अडखळत होतं, नाम मागे-पुढे होत होतं.

"घरी जा आता," ती म्हणाली. "पाय दुखले असन."

घरी कुलपांचा लेख अर्धा पडला होता. मी खांबाजवळचे टाळ उचलले आणि सहा वाजेपर्यंत तिच्या बाजूला उभा राहून ठेका धरला.