करुणाकरन मास्तरांचा चहा

करुणाकरन मास्तर कुणाच्या चित्राला चांगलं म्हणत नसत. वाईटही म्हणत नसत. सकाळच्या कामानंतर वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या चित्रवर्गात चहा यायचा, मास्तर एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात स्टूल घेऊन ईझलांच्या रांगेतून फिरायचे, आणि ज्या चित्रापुढे बसून चहा प्यायचे ते त्या दिवसाचं चित्र. बस, एवढीच पदवी. पण त्रिशूरमध्ये या पदवीचा असा दबदबा होता की आपल्या चित्रापुढे मास्तर कधीकाळी चहा प्यायले होते हे लोक म्हातारपणी सांगत, आणि ते वारले की त्यांची मुलं सांगत.

रोसिलीला हा मान कधी मिळाला नव्हता. शाळेत ती मास्तरांच्या हाताखाली चित्रकला शिकली, तेव्हाही त्यांचा चहा नेहमी पलीकडच्या बाकावर. मग लग्न होऊन ती ओल्लूरला गेली आणि कॉन्व्हेंटमधल्या मुलींना शिवण शिकवता शिकवता निवृत्त झाली. आता गुडघे कुरकुरू लागले होते, आणि पेपरात आलं की मास्तर आठवडाभर व्यक्तिचित्रं शिकवणार आहेत, बहुधा शेवटच्यांदाच. तिनं त्याच दिवशी नाव घातलं आणि संत अंतोणीला मेणबत्त्या कबूल केल्या. मागणं एकच: मास्तरांनी एकदा, एकदाच, माझ्या चित्रापुढे चहा प्यावा. मुलाला नोकरी लागावी म्हणून बोललेल्या मेणबत्त्यांपेक्षा या मेणबत्त्या जास्त होत्या, हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही.

नवरा पौलोस. कौलांच्या कारखान्यात मुकादमकी करून घरी बसलेला. त्याला मास्तरांची ओळख करून द्यायची गरज नव्हती, लग्नापासून तो मास्तर ऐकत आला होता. भिंतीला चुना लावायचा असो की माशांचं कालवण करायचं असो, रोसिलीला त्यावर मास्तरांचं काहीतरी आठवायचंच. "मास्तर म्हणायचे" एवढे दोन शब्द कानावर पडले की पौलोस उठून परसात जाई आणि उगाच नारळांच्या झाडांकडे बघत उभा राही.

पहिल्या दिवशी तो आला तो फक्त रोसिलीचा ईझल माडीवर चढवून द्यायला. चित्रासाठी एक म्हातारा माहूत बसणार होता. पण नेमका त्याच्या हत्तीला माज आला, आणि माजावरच्या हत्तीला टाकून माहूत येतो कसा? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना मास्तरांची नजर जिन्याकडे सटकणाऱ्या पौलोसवर गेली.

"हे कोण?"

"माझे मिस्टर," रोसिली म्हणाली.

"डोकं चांगलं आहे. बसवा."

पौलोसच्या डोक्याबद्दल कारखान्यात बरंच काही बोललं जाई, पण चांगलं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या खुशीत तो खुर्चीत बसला. आठवडाभर बसायचंय हे त्याला बसल्यावर कळलं.

"आणि एक," मास्तर म्हणाले, "चित्राकडे फिरकायचं नाही. माणूस आपलं चित्र बघतो आणि दुसऱ्या दिवशी चित्रासारखा चेहरा करून येतो."

झालं. पौलोस खुर्चीत, समोर अर्धगोलात आठ ईझल, आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष पौलोसकडे, अर्धं मास्तरांच्या स्टुलाकडे. मास्तर होतेच तसे बघण्यासारखे. ऐंशीच्या घरातले, पण ताठ. भव्य कपाळ, त्याखाली पांढऱ्या जाड भुवया, आणि नाक असं सरळ की पट्टी लावून आखावं. पौलोसचं सगळंच याच्या उलट. कपाळ दोन बोटं, त्यावर मोजून चार केस, डोळे बारीक, कान बाहेर आलेले.

विमा विकणाऱ्या बाबुराजनं दुसऱ्याच दिवशी आपल्या ईझलसमोर एक मऊ उशी आणून ठेवली. "मास्तरांची कंबर," तो म्हणाला. सावित्री टीचरनं पंखा आपल्या ईझलकडे वळवून घेतला. तिसऱ्या दिवशी बाबुराजनं डाळीचे गरम परिप्पुवडे आणले. मास्तरांनी वडा उचलला, उशी ओलांडली, आणि चहा प्यायले ते सावित्री टीचरच्या चित्रापुढे. बाबुराजनं उरलेले वडे डब्यात परत भरले, कुणाला विचारलंसुद्धा नाही.

रोसिलीनं असलं काही केलं नाही. ती रंगवत राहिली. मास्तर ब्रश कसा धरतात, तसा धरला. मास्तर डोळे बारीक करून बघतात, तसं बघितलं. मास्तर रंग लावल्यावर दोन पावलं मागं सरतात, तशी सरली आणि मागच्या टेबलावरची टर्पेंटाइनची बाटली पाडली.

चौथ्या दिवशी मास्तर चहा घेऊन निघाले. बाबुराजच्या चित्रापाशी थांबले, निघाले. सावित्री टीचरच्या चित्रापाशी थांबले, निघाले. रोसिलीच्या चित्रापाशी आले आणि स्टूल खाली ठेवलं.

ते बसले. चहाचा एक घोट घेतला. चित्राकडे बघून मान हलवली, दुसरा घोट घेतला. रोसिलीनं खिडकीचा गज घट्ट धरला. ती परत शाळेतली दोन वेण्यांची पोर झाली होती. ग्लास रिकामा करून मास्तर उठले तेव्हा सावित्री टीचरनं तिला मिठी मारली, आणि बाबुराजनं हात मिळवला, पण पडेल चेहऱ्यानं.

"अभिनंदन, चेट्टा," बाबुराज थोरल्या भावाला म्हणावं तसं पौलोसलाही म्हणाला. "तुमचं तोंड पावलं रोसिलीचेचीला."

आता एवढं म्हटल्यावर कोण खुर्चीत बसून राहील? मास्तर खाली हात धुवायला गेले होते. पौलोस उठला, गुडघे मोकळे केले आणि रोसिलीच्या चित्रापुढे जाऊन उभा राहिला. मग एकेक करत सगळ्यांची चित्रं बघून परत आला.

"शर्ट माझा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शर्ट माझा. वरचं डोकं त्या माणसाचं. सगळीकडे तोच बसलाय, आठच्या आठ ठिकाणी, माझा शर्ट घालून."

"काहीतरी बोलू नका. मास्तर स्वतः बसले चित्रापुढे."

"बसणारच. आरशापुढे कोण बसत नाही?"

घरी गेल्यावर रोसिलीनं भांडी जरा जास्तच आपटली. तिचं म्हणणं स्पष्ट होतं: या माणसाला हेवा वाटतोय, आधीपासूनच वाटतो, आणि जन्मात एकदा मिळालेल्या सुखात यानं माती कालवली. रात्री जेवतानाही ती त्याला हेच म्हणाली. पौलोसनं फक्त लोणचं मागितलं.

पण सकाळी ती सगळ्यांच्या आधी माडीवर पोचली आणि चित्रावरचं फडकं काढलं. भव्य कपाळ. जाड भुवया. आखल्यासारखं नाक. तिनं चित्राला उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. तेवढ्यात पौलोस दम खात जिना चढून आला आणि खुर्चीत बसला, आणि मग काही शंकाच राहिली नाही. कॅनव्हासवर मास्तर होते. तिला रडू आलं. लाजेचं होतं की रागाचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिनं पॅलेट नाइफ घेतली आणि कपाळापासून खरवडायला सुरुवात केली.

"चेची," बाबुराज दारातूनच धावला, "अहो, ज्याच्यापुढे मास्तर चहा प्यायले ते चित्र खरवडताय?"

"हो."

"मला द्यायचं होतं हो."

त्या दिवशी मास्तर तिच्या पुसलेल्या कॅनव्हासपाशी आले, भुवया उंचावल्या आणि पुढे गेले. त्यांचा चहा बाबुराजच्या चित्रापुढे झाला. उशीवर बसून. बाबुराजनं घरी फोन केला.

रोसिली पौलोसकडे बघत होती. पहिला तासभर तिनं ब्रशच उचलला नाही. हा माणूस रोज तिच्यासमोर बसून भात खात होता, आणि त्याच्या डाव्या भुवईत केसच नाहीत हे तिला आज दिसत होतं. खालचा ओठ एका बाजूला थोडा खाली. आणि नाक. नाक वाकडं होतं. थोडंथोडकं नाही, मधेच वाट चुकून उजवीकडे गेलेलं.

"काय बघतेस?" पौलोस ओठ न हलवता म्हणाला.

"गप्प बसा. हलू नका."

शेवटच्या दिवशी चहाची वेळ झाली तेव्हा रोसिलीचा माणूस कॅनव्हासवर आला होता. छोटं कपाळ, बाहेर आलेले कान, वैतागलेला, आणि बघताक्षणी कुणीही म्हणावं की हा पौलोस. मास्तर ग्लास घेऊन आले. मास्तर चित्राकडे बघत उभे राहिले, मग त्यांनी ग्लास खिडकीत ठेवला आणि तिच्या हातातला ब्रश मागितला.

मास्तर स्वतः कुणाच्या चित्राला हात लावत नसत. चहाच्याही वरचा हा मान. सावित्री टीचरनं तोंडावर हात ठेवला. मास्तर ब्रश रंगात बुडवून पुढं झाले.

"नाक घसरलंय. सरळ करू."

"नको, मास्तर," रोसिली म्हणाली.

मास्तरांचा हात तिथंच थांबला.

"त्यांचं तसंच आहे. वाकडं."

मास्तर वळले. त्यांनी ब्रश तिला परत दिला, खिडकीतला ग्लास घेतला, स्टूल उचललं आणि थेट पौलोसच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवलं. आठवडाभरात पहिल्यांदा ते त्याच्या इतक्या जवळ आले होते. बसले, आणि पौलोसकडे बघत चहा प्यायला लागले. पौलोस ताठ झाला. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं नाक खाजवलं.

"वाकडंच आहे," मास्तर म्हणाले.

मग ते उठले आणि रांगेतून फिरले. एकेका चित्रापाशी थांबत होते, आणि एका ठिकाणी त्यांचा हात नकळत स्वतःच्या भुवईकडे गेला. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते.

"पुसा," ते म्हणाले. "सगळ्यांनी पुसा."

कुणी हललं नाही. रोसिलीनं सवयीनं फडकं उचललं.

"तू नको," मास्तर म्हणाले.

बसमध्ये ओलं चित्र दोघांच्या गुडघ्यांवर आडवं धरलेलं होतं. कंडक्टर चित्राकडे बघून, मग पौलोसकडे बघून हसला, आणि तिकीट देऊन पुढे गेला. रोसिलीला वाटत होतं आता काहीतरी बोलावं, आनंदानं, किंवा माफी मागावी, पण दोन्हींपैकी आधी काय, ते ठरेना.

"खरंच एवढं वाकडं आहे?" पौलोसनंच विचारलं.

"आहे."

"मग एवढ्या वर्षांत बोलली नाहीस ते?"

"दिसलंच नव्हतं हो," रोसिली म्हणाली. "परवा दिसलं."

पौलोसनं डोक्यावरच्या चार केसांवरून हात फिरवला.

"बघायचंच होतं तर तेव्हा बघायचं," तो म्हणाला. "तेव्हा केस होते."