डावी बाही

मुलाच्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही उजवीपेक्षा दोन इंच लांब असे. आई पडदे शिवायची, त्यामुळे ही करामत तिला जड नव्हती, आणि ती का करते हे तिला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मुलाच्या डाव्या हाताला जन्मापासून अंगठा तेवढा होता. बोटांच्या जागी नुसते उंचवटे. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. पण या लोकांत असल्या गोष्टीकडे बघायचं नाही आणि बोलायचं तर त्याहून नाही, यालाच सभ्यता म्हणत. दुकानदार न सांगता पिशवी त्याच्या उजव्या हातात देई. शाळेच्या फोटोत मास्तर त्याला मागच्या रांगेत उभं करत, तेही मायेनेच. बाप होता तोवर त्यानेही त्या हाताचा कधी विषय काढला नाही.

मुलगा मोठा झाला, आईच्याच दुकानासाठी घरोघरी खिडक्यांची मापं घेऊ लागला. एक लग्न जमत आलं होतं. त्या घरच्यांनीही काही म्हणजे काही विचारलं नाही. फक्त पुन्हा फिरकले नाहीत. मग त्याचं सीमेपलीकडून आलेल्या एका नर्सशी जुळलं. आईला पोर आवडली. पण रविवारी पोरीच्या घरचे येणार म्हटल्यावर तिची झोप उडाली, कारण पलीकडच्या माणसांच्या जिभेला हाड नसतं, अशी त्यांची इकडे ख्याती होती. एखादी बोचरी विचारणा व्हायची, मुलगा मिटून जायचा आणि याही लग्नावर पाणी पडायचं!

"ते विचारतील हं," मुलगा म्हणाला. काय विचारतील ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

रविवारी तिने मुलाची खुर्ची अशी लावली की डावा हात कपाटाकडे जाईल. चहाचा ट्रे स्वतःच आणून ठेवला. पाहुण्या तिघी आल्या: मुलगी, तिची आई आणि आजी. आजी अजून धड टेकलीही नव्हती.

"काय रे, हाताला काय झालं तुझ्या? दाखव बघू."

"साखर किती घालू?" आईने घाईघाईने मध्येच विचारलं.

"घाला हो कितीही. मी या पोराशी बोलतेय."

मुलगा उठला, कपाटाआडून बाहेर आला. त्याने बाही वर सारली आणि हात आजीच्या मांडीवर ठेवला. आजीने तो भाजी निवडावी तसा उलटापालटा करून पाहिला.

"जन्मापासून?"

"हो."

"बटणं कशी लावतोस?"

"उजव्या हाताने. अगदीच नाही जमलं तर दात आहेत."

"दुखतो का?"

"थंडीत दुखतो," मुलगा म्हणाला. "उशीखाली दाबून झोपतो मग."

आई खाली बसली. आधी तिला म्हातारीचा संताप आला. घरात पाऊल टाकून पाच मिनिटं झाली नाहीत, हिला कोणी अधिकार दिला? मग तो संताप फिरून तिच्याच अंगावर आला. या हाताचं माप तिला पाठ होतं. तो दुखतो, हे तिला आज कळत होतं.

"आमच्या आळीत होता एक असाच," आजी खुशीत येऊन सांगू लागली. "सगळे त्याला थोटा म्हणायचे. त्याचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही."

"त्याला चालायचं ते?" आईने विचारलं.

आजीने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच ती अडली. "ते काही आम्ही विचारलं नाही बाई," ती म्हणाली आणि चहा ढवळत बसली.

लग्न ठरलं. निघताना आजी दारातून ओरडली, "हिवाळ्याच्या आत उरका! उशीपेक्षा बायको बरी." नात लाजून लाल झाली. मुलगा मात्र पोट धरून हसला.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात कप पुसू लागला. आईने त्याच्याकडे पाठ करून उरलेली साखर डब्यात ओतली.

"दुखतो का रे?"

"छे गं," तो हसून म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. तू नको मनावर घेऊस."

किती सहज म्हणाला तो, किती गुणी मुलासारखा! परक्या बाईला खरं सांगितलं आणि आपल्या वाट्याला सभ्यता आली, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि तेच पुन्हा विचारलं.

या खेपेला तो हसला नाही.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."