बिनकाठाचं कुंड

केदारखेड्यापुढच्या टेकडीवर बाया-माणसं हात जोडून उभी होती. समोर बाबांचं कुंड. तीन बाजूंना काठ, चौथ्या बाजूला काहीच नाही, खाली दरी. पाणी थेट आभाळाला भिडलेलं, तरी कमी होत नव्हतं.

“बाळांनो, तो चौथा काठ माझ्या संकल्पाचा!” बाबा गरजले. “निर्मळ जीवाला पाणी झेलतं. पापी दरीत जातो!”

पाण्यात उतरायची पाळी आता द्वारकाबाईच्या नातीची, आकांक्षाची होती. पोरीला फेफरं यायचं. बाबांनी तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आज त्या टोकापर्यंत चालली की आजार जाणार म्हणे.

“साहेबराव, पोरीला मागं घे.”

“माय, बाबाला राग येईल,” लेक कुजबुजला.

“आन् मला आला तं?”

नातीला त्याच्या अंगावर ढकलून ती लुगड्यासकट पाण्यात शिरली. सुनेला घालूनपाडून बोललेलं सगळं आठवलं. आता दरीच! तिने डोळे मिटले.

गुडघा थाडकन भिंतीवर आपटला.

भिंत पाण्यात बुडालेली, वर जेमतेम नखभर पाणी. ती वाकली. पलीकडे खाली पन्हाळ होती. पाणी गुपचूप तिच्यात उतरत होतं, आणि हाताखालची भिंत मळ्यातल्या मोटरीसारखी, ओळखीची थरथरत होती.

“साहेबराव, मळ्यात या हप्त्याला लाईट कवा असती?”

“दिवसा.”

“मागच्या हप्त्याला?”

“रातच्याला.”

“बाबाचं दर्शनबी बराबर तसंच! देव लाईट पाहून उठतो व्हय? जा, मोटर बंद कर!”

लेक कुंडामागच्या पत्र्याच्या शेडकडे पळाला. थरथर थांबली. नखभर पाणी ओसरलं आणि काळ्या फरशीची भिंत उघडी पडली.

“ही माया आहे!” बाबा ओरडले.

“माया न्हाई, बुटकी भिंत हाय! पाणी वरून सांडतं, पन्हाळीत पडतं, मोटर परत वर आणती. पन्हाळ तुम्हाला तिथून दिसत न्हाई, एवढंच.”

“आजे, मोठ्या हॉटेलात असेच पोहायचे टँक असतात,” आकांक्षा म्हणाली, “मोबाईलवर पाह्यले म्या...”

बोलता बोलता तिचे डोळे फिरले. शेडकडून परतलेल्या साहेबरावने तिला झेललं. द्वारकाबाई धडपडत वर आली, पोरीला कोरड्या फरशीवर कुशीला वळवलं आणि झटके थांबेपर्यंत तिच्या डोक्याखाली हात धरून बसली. बाबा चार पावलं मागे सरकले.

“ही आत्ता पाण्यात असती तं?”

लोकांचे जोडलेले हात एकेक करून खाली आले.

“हात जोडायच्या आधी वाकून पाहात जा रे,” द्वारकाबाई म्हणाली. “साहेबराव, गाडी काढ. दवाखान्यात चल. गोळ्या आजच चालू करायच्या.”