देवळापाशी काढलेले बूट

फैलाका बेटावर उतरल्यापासून निरंजन त्या ग्रीक गाइडच्या, एलेनीच्या, मागेमागे होता. घरी चार शब्द धड न बोलणारा नवरा बायझंटाइन काळातल्या चर्चच्या पडक्या भिंतींपाशी प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. शर्वरीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पुढच्या अवशेषांपाशी एलेनी म्हणाली, “हे ग्रीकांचं देऊळ.”

निरंजनने लगेच बूट काढले आणि हात जोडले. एलेनी कौतुकाने बघत राहिली.

घरी, हवल्लीच्या फ्लॅटमध्ये, ‘बूट दाराबाहेर काढ’ हे सांगून सांगून शर्वरीचा घसा बसला होता. आणि इथे? इथे न सांगता!

तेवढ्यात तापलेल्या वाळूवर निरंजन नाचायला लागला. “शर्वरी, बूट दे गं!”

“देवळात? बूट?” म्हणत तिने ते उचलले आणि तरातरा बोटीकडे निघाली.